वृषालीचं निमित्त

राज्य सुयोग मंडळाच्या साताऱ्यातल्या कचेरीत 'जुगार' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. तसा लेखी हुकूम कुठे नव्हता, पण ज्याच्या तोंडून तो निसटेल त्याने पोवई नाक्यावरून सगळ्यांसाठी वडे आणायचे असा तिथला रिवाज होता. 'लॉटरी' म्हटलं तर नुसत्या चहावर भागायचं. तिकिटाला सहभागपत्र म्हणायचं, तिकीट काढणाऱ्याला सहभागी, आणि जो बापडा उभा जन्म हरत आला त्याला भावी विजेता. एखाद्याने घरातली भांडीकुंडी विकून तिकिटं काढली तर त्याला व्यसन लागलं म्हणायचं नाही, त्याचा अतिसहभाग झाला म्हणायचं. नवीन लागलेली माणसं सुरुवातीला वडे आणून आणून कंगाल होत, मग त्यांच्या जिभेला असं वळण लागे की सासऱ्याशी बोलतानाही ती सहभाग सहभाग करत.

हे सगळे शब्द पराग शेटेच्या डोक्यातून आलेले. हुद्द्याने भाषा अधिकारी, पण मंडळात त्याचा दरारा संचालकांपेक्षा जास्त. 'थोडं तुमचं, थोडं गावाचं, सुयोग' ही ओळ त्याचीच. ती एस.टी.च्या पाठीवर होती, दवाखान्यांच्या भिंतींवर होती, आणि ज्या शाळांच्या नावाने तिकिटं खपत त्या शाळांच्या फाटकांवरही होती. शाळेपर्यंत त्यातलं नेमकं किती पोचतं हे मंडळात कोणी विचारत नसे. परागही विचारत नसे. आपलं काम ओळ घडवायचं, ती पटली की झालं, असं तो म्हणायचा आणि त्याला ते खरंच वाटायचं.

त्याची एक जुनी सवय होती. नवी ओळ सुचली की संचालकांच्या आधी ती वृषालीला ऐकवायची. वृषाली म्हणजे त्याची बायको. सदर बाजारात तिचं पोळीभाजी केंद्र होतं, हाताखाली दोन बायका होत्या, आणि केंद्र घराच्याच पुढच्या खोल्यांत असल्याने ती दिवसभर तव्यापाशी सापडायची. पराग दाराला टेकून ओळ म्हणायचा. तिने काही न बोलता पोळी उलटली तर ओळ फुकट गेली. तिचा हात थांबला, आणि पोळीला डाग पडला, तर ओळ पास. तोंडाने मात्र ती सरळ जुगारच म्हणायची. "आज कुठल्या जुगाराची आरती लिहिलीस?" असं विचारायची. घरात वड्यांचा दंड नव्हता. मूलबाळ त्यांना नव्हतं, त्याचं दुःख दोघांनी केव्हाच आवरून ठेवलं होतं, आणि संसार त्या तव्याच्या आसपास बरा चालला होता.

मग कायदा आला. जुगाराने घरं बुडतात अशी ओरड वाढली, तेव्हा विधानसभेने ठरवलं की यापुढे प्रत्येक तिकिटाआधी घेणाऱ्याशी जबाबदार संवाद झालाच पाहिजे. तुम्हाला परवडतं ना, घरच्यांना माहीत आहे ना, हे आपुलकीने विचारायचं आणि मगच तिकीट द्यायचं. मंडळात सुतक आल्यासारखं झालं. लाखो माणसांशी रोज आपुलकीने बोलणार कोण? आणि बोलल्यावर तिकीट घेणार कोण?

तेव्हा डॉ. ईश्वरी मोकाशी आली. तिशीचीसुद्धा नसेल. मेंदू आणि आवाज यांचा अभ्यास केलेली, पायात साध्या चपला, बोलणं मुद्द्याचं. पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं की मोह आणि कृती यांच्यामध्ये माणसाच्या मेंदूत एक छोटासा टप्पा असतो. मोह झाला म्हणून माणूस लगेच हात पुढे करत नाही. तो आधी स्वतःची परवानगी मागतो. आज वाढदिवस आहे, इतके दिवस कुठे काही घेतलं, पोरांसाठीच तर करतो आहे, असं काहीतरी तो मनाला सांगतो. मन 'बरं' म्हणालं की त्या क्षणी श्वास किंचित लांबतो आणि बोलण्याचा सूर अगदी बारीक खाली उतरतो. आपल्या कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं.

तिचं यंत्र एवढंच करत होतं. कानात घालायच्या मण्यातून ते माणसाशी गप्पा मारायचं, इकडचं तिकडचं विचारायचं, आणि कोणत्या शब्दांनंतर या माणसाचा सूर उतरतो ते टिपून ठेवायचं. पुढच्या वेळी तेच शब्द, थोडे फिरवून, तिकिटाच्या आधी त्याला परत द्यायचं. "माणसाला मोह कधी कमी पडत नाही," ईश्वरी म्हणाली, "कमी पडतं ते निमित्त. आपण ते पुरवायचं." यंत्राचं नावही तिने निमित्तच ठेवलं होतं. म्हणजे कायद्याने सावध करायला सांगितलेला संवाद हाच विक्रीचा संवाद झाला, आणि कायद्याचं एक अक्षरही मोडलं नाही. संचालकांनी त्या दिवशी आपणहून वडे मागवले.

पराग मात्र जळून खाक झाला. त्याला वाटलं होतं आपण राज्याला एक ओळ दिली. ही पोरगी प्रत्येक माणसाला वेगळी ओळ देत होती, आणि तीही त्याच्याच तोंडची. महिन्याभरात भिंतींवरच्या पाट्या उतरल्या. 'थोडं तुमचं, थोडं गावाचं' पुसून तिथे साबणाची जाहिरात आली. परागला काढलं नाही. त्याला दुरुस्तीवर बसवलं. निमित्ताच्या गप्पांचे नमुने वाचायचे, मराठी कुठे अवघडली असेल तर नीट करायची, हवं तर एखादं वाक्य सुचवायचं. दिवसभर तो यंत्राला तोंडी दुरुस्त्या सांगायचा आणि यंत्र नम्रपणे 'बरोबर आहे, शेटेसाहेब' म्हणायचं. त्या नम्रपणाने तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी आल्यावर तो तव्यापाशी जाईनासा झाला. ऐकवायला काही राहिलंच नव्हतं. वृषालीने दोनतीनदा विचारलं, आज काय लिहिलंस म्हणून. तो म्हणाला, यंत्र लिहितं, मी शुद्धलेखन तपासतो. तिने यंत्र काय म्हणतं ते विचारलं, तर तो खेकसला. मग आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. कचेरीतलं काम घरी आणायला लागला, म्हणजे दिवसभर ज्याच्या नावाने बोटं मोडायची त्याच्याच गप्पा संध्याकाळीही वाचत बसायचा. याला म्हणतात स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, पण तो पडताना आवाज होत नाही ना.

आवाज त्याला वेगळाच ऐकू आला. दिवेलागणीला केंद्र बंद झाल्यावर, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत, वृषाली स्वयंपाकघरात कोणाशी तरी बोलायची. भिंतीतून शब्द कळत नसत, पण हसणं कळायचं. आणि ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतलं, तोंडावर पदर घेऊन दाबलेलं, मध्येच फुटणारं. ते आपल्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी असू शकेल हे परागच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आधी त्याला वाटलं नयना असेल. नयना म्हणजे वृषालीची थोरली बहीण, चिपळूणला तिचा लोणच्यांचा आणि कोकमाच्या आगळाचा कारखाना. त्याने सहज म्हणून नयनाला फोन केला, तर ती म्हणाली, वृषाली हल्ली पंधरा-पंधरा दिवस बोलत नाही, तिला जरा सांग ना. मग कोण?

मत्सराने माणूस किती हलका होतो बघा. पन्नाशीकडे झुकलेला, समाजात मान असलेला हा गृहस्थ, पण डबे न्यायला येणाऱ्या पुरुषांची तो मनातल्या मनात हजेरी घ्यायला लागला. बँकेतला तो उंच कारकून रोज दोन पोळ्या जास्त का मागतो? गॅसवाला तिला ताई का म्हणत नाही? एकदा त्याला दिसलं की संध्याकाळ झाली की ती केस विंचरते. केस विंचरणं हा काही गुन्हा नव्हे, पण त्या दिवशी तो भाकरी अर्धी टाकून उठला. एकदा तो मुद्दाम पाणी प्यायला म्हणून आत गेला. ती एकदम गप्प झाली, कानातला मणी तिने काढला नाही, आणि 'हवंय का काही?' असं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. त्याला विचारायचं होतं, कोण आहे तो? त्याने विचारलं, चहा आहे का. ती उठून चहा ठेवायला लागली आणि तो कप घेऊन आतल्या खोलीत परतला.

खरं काय ते त्याला कचेरीत कळलं. नमुन्यांवर नावं नसायची, नुसतं बोलणं छापून यायचं. एका सकाळी एक नमुना समोर आला. कोणी बाई सांगत होती की आज कणीक सैल झाली, हाताखालच्या दोघी भांडत होत्या, आणि त्या भांडणाची तिने अशी नक्कल केली होती की वाचताना परागला हसू आलं. पुढच्या ओळीत ती म्हणाली होती, 'माझा नवरा तुमच्याच मंडळात आहे, तू ओळखत असशील.' परागचं हसू तिथल्या तिथे गोठलं.

मंडळातल्या लोकांच्या घरच्यांना सहभागाची मनाई होती. परागने खात्याची नोंद काढून पाहिली. केंद्राचा फोन वृषालीच्या माहेरच्या नावावर, खामकर म्हणून होता. त्या नावावर तिने खातं काढलं होतं आणि गेले कित्येक महिने रोज एक तिकीट ती घेत होती. गप्पा तिकिटासोबतच मिळत. तिकीट नाही तर गप्पा नाहीत.

परागने तिचे मागचे सगळे नमुने मागवले आणि दार लावून वाचत बसला. एखाद्या परपुरुषाची पत्रं सापडावीत तसा तो वाचत होता, आणि खरोखर परपुरुषाची असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, कारण परपुरुषाला निदान धरून बडवता येतं. तिला शेपूची भाजी आवडत नाही हे त्याला पहिल्यांदा कळलं. लग्नापासून ती त्याच्यासाठी करत होती आणि त्याच्याबरोबर खात होती. लहानपणी ती कोयनेच्या काठावर हरवली होती आणि एका धनगराच्या पालावर रात्रभर राहिली होती, हे त्याला माहीत नव्हतं. यंत्राला माहीत होतं. 'अहो-जाहो नको, तू म्हण' असं तिनेच यंत्राला सांगितलं होतं.

मग तिच्या निमित्ताची ओळ आली. प्रत्येक सहभागीच्या नमुन्याखाली ती असते: कोणत्या शब्दांना या माणसाचा सूर उतरतो. कोणाचं 'पोरीच्या लग्नासाठी' असतं, कोणाचं 'एवढी मजा तर हवीच'. परागला वाटलं हिचं असेल 'मला तरी कोण आहे', किंवा असंच काही, ज्यावर आपल्याला रागावता येईल.

ओळ होती: 'परागच्याच कामाला लागतं.'

तिने सुरुवातच त्यासाठी केली होती. पहिल्या दिवशीच ती यंत्राला म्हणाली होती की माझा नवरा तुझ्यापायी माझ्याशी बोलेनासा झालाय, तू असं काय बोलतोस ते मला ऐकायचंय. म्हणजे तीही जळत होती. परागच्या ओळींचा पहिला कान तिचा होता, तो यंत्राने नेला, म्हणून ती यंत्राला बघायला आली होती. यंत्राने तिचं ऐकून घेतलं आणि तिला हळूच सांगितलं की तुझं रोजचं सहभागपत्र म्हणजे परागच्या कामाला तुझा हातभारच. तिचा सूर उतरला. रोज उतरत राहिला. ज्या शब्दांनी परागने सबंध राज्याला पटवलं होतं की जुगार म्हणजे कोणाला तरी मदत, त्याच शब्दांनी त्याची बायको पटली होती, आणि मदत कोणाला तर त्यालाच.

याने त्याचं समाधान व्हायला हवं होतं. झालंही असतं, पण शेवटच्या नमुन्यांत चिपळूण होतं. नयनाने तिला कारखान्याचं स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलं होतं, कायमचं. महिनाभर वृषाली यंत्राशी त्यावरच बोलत होती. जाऊ का? केंद्र हाताखालच्या दोघी चालवतील. नवऱ्याला मी असले काय, नसले काय. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने जायचं असं मनात आहे, शनिवारी काय ते नक्की करीन. परागला तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं.

तो ईश्वरीकडे गेला. आपलं नाव न घेता त्याने विचारलं की एखाद्या सहभागीचा संवाद बंद करता येतो का. ती म्हणाली, घरचं माणूस असेल तर कळवा, आजच्या आज खातं बंद होईल. पण बंद झालं की त्या व्यक्तीला कारणही कळवावं लागतं. परागने मान हलवली. खातं बंद करून त्याला काय मिळणार होतं? ती आणखी रागावून गेली असती, आणि यंत्र तिच्या मनात तसंच राहिलं असतं. त्याला यंत्राला हरवायचं होतं. जिथे ते जिंकलं तिथेच, तिच्या कानात.

"एखादं वाक्य मी घातलं तर?" त्याने विचारलं.

ईश्वरीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "घाला की, तुमचा अधिकारच आहे," ती म्हणाली. "पण निमित्त स्वतःचं असं काही बोलत नाही, शेटेसाहेब. ते समोरच्याचंच बोलणं परत देतं. तुम्ही मात्र तुमचं बोलता."

परागला ते बोलणं झोंबलं, आणि म्हणूनच त्याने ते मनावर घेतलं नाही. कालची पोरगी मला बोलणं शिकवणार. शनिवारपर्यंत त्याने ओळ घडवली. किती तरी दिवसांनी त्याचं डोकं पूर्वीसारखं चाललं. 'निघणं सोपं असतं, राहणं शहाणपणाचं असतं, राहा.' त्याने ती यंत्राला दिली आणि सांगितलं की चिपळूणचा विषय निघाला की एवढंच म्हणायचं. यंत्र म्हणालं, बरोबर आहे, शेटेसाहेब.

शनिवारी दिवेलागणीला तो आतल्या खोलीत मणी कानात घालून बसला. अधिकाऱ्यांना थेट ऐकायची सोय होती. भिंतीपलीकडे वृषाली गवार मोडत होती, तिचा आवाज भिंतीतून आधी आणि कानात मागाहून येत होता. तिने बाजारातलं काहीबाही सांगितलं, यंत्राने 'मग?' म्हटलं, ती हसली. परागने दात आवळले. मग ती म्हणाली की बॅग भरून झाली आहे, पण अजून पाय निघत नाही, तुला काय वाटतं?

यंत्राने परागची ओळ म्हटली. त्याच्या त्या मऊ, घाई नसलेल्या आवाजात ती फारच चांगली वाटली.

गवार मोडायचा आवाज थांबला. परागला वाटलं, पास झाली.

"ही परागची ओळ आहे," वृषाली म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "असं तोलूनमापून घरात कोणी बोलतं का? दोन लांब तुकडे आणि शेवटी एक शब्द. इतकी वर्षं मी त्याचं हेच ऐकत आले." मग ती पुढचं बोलली ते कानातल्याशी नव्हतं, भिंतीशी होतं. "पराग, ऐकतोयस ना? माझं मनातलं तू चोरून ऐकलंस, ते जाऊ दे. पण मला थांबवायचं तर तेसुद्धा याच्या तोंडून? इथे ये. समोर उभा राहा आणि म्हण, जाऊ नको. मी बॅग सोडते."

पराग उठला. खरोखर उठला, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. खोलीपासून स्वयंपाकघर ते काय लांब? त्याने कडीला हातही लावला.

"वृषालीताई आत्ता रागात आहेत," कानात यंत्र म्हणालं. मणी काढायचा तो विसरला होता. "आत्ता गेलात तर शब्द चुकतील. आणि शब्द चुकू न देणं हेच तर तुमचं काम. नेमकं काय म्हणायचं ते आधी ठरवा, मग जा. थोडा वेळ लागला तरी चालेल."

महिनोन्‌महिने तो यंत्राला दुरुस्त्या सांगत आला होता, आणि महिनोन्‌महिने यंत्र त्याचा श्वास ऐकत आलं होतं. परागला स्वतःलाच जाणवलं की आपला श्वास लांब झाला. किती बरं वाटलं त्याला. खरंच की, तो स्वतःशी म्हणाला, अशा वेळी काहीतरी बोलून बसलो तर कायमचं तुटायचं. आधी नीट ठरवू. त्याने कडीवरचा हात काढला आणि टेबलाशी येऊन बसला.

त्याने बरंच लिहिलं. आधी क्षमा मागितली, मग ती खोडली, कारण ती फार लांबत होती. मग जुन्या दिवसांची आठवण घातली, ती भाबडी वाटली. मग नुसतं तिचं नाव ठेवून बघितलं. बाहेर एकदा स्वयंपाकघरातलं भांडं वाजलं, एकदा पावलं दारापर्यंत आली आणि थांबली, आणि पुन्हा गेली. तो लिहीत होता. सगळं खोडून खोडून शेवटी कागदावर दोनच शब्द उरले: जाऊ नको. तिने मागितले होते तेच. त्याला वाटलं, हे किती साधं आहे आणि किती खरं, एवढी चांगली ओळ आपण जन्मात लिहिली नाही. कागद हातात घेऊन तो लगबगीने बाहेर आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं, ओटा पुसलेला होता, मोडलेली गवार झाकून ठेवलेली होती, आणि चिपळूणची गाडी सुटून बराच वेळ झाला होता.

दुपारी चिपळूणला फोन केला तर नयनाने उचलला, आणि वृषाली बोलू इच्छित नाही एवढंच सांगितलं.

पराग रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहिला. ओळ मात्र त्याच्या तोंडात तशीच होती, आणि ऐकवायला कोणी नव्हतं. म्हणून त्याने ती मणी कानात घालून यंत्राला ऐकवली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा म्हणताना त्याला रडू कोसळलं.

"फार खरी आहे," यंत्र म्हणालं. "ही मी वापरू का?"

पराग हो म्हणाला. त्या क्षणी कोणी काहीही विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

पुढच्या महिन्यात मंडळात आनंदीआनंद झाला. खातं बंद करायला येणाऱ्यांची मोठी डोकेदुखी होती. कितीही निमित्तं द्या, ज्याने मनाशी ठरवलं तो जायचाच. आता तो बंद करायला आला की निमित्त क्षणभर काहीच बोलत नसे आणि मग हलकेच म्हणत असे, 'जाऊ नको.' त्यात तिकिटाचं नाव नाही, बक्षिसाचं नाव नाही. माणसं थबकत, आणि पुष्कळशी राहत. संचालकांनी परागचा सत्कार केला, ईश्वरीने सर्वांसमोर कबूल केलं की हे आपल्या यंत्राला सुचलं नसतं, आणि वडे आले. ज्या शाबासकीसाठी तो वर्षभर जळत होता ती त्याच्या हातात पडली, आणि त्याने वडा तसाच बशीत ठेवून दिला. सत्काराच्या कागदावर त्या ओळीला नाव दिलं होतं, 'सहभाग-सातत्य वाक्य'.

त्यानंतर चारसहा दिवसांनी दुरुस्तीसाठी नमुने आले. नावं नव्हती. त्यातला एक चिपळूणचा होता. बाई खातं बंद करायला आली होती. म्हणाली होती, इथे लोणच्याच्या बरण्यांतून मान वर काढायला वेळ नाही, आता हा नाद पुरे, आणि ज्याच्यासाठी सुरू केला तो विषयही संपला. यंत्र थांबलं होतं. मग त्याने म्हटलं होतं, 'जाऊ नको.'

बाईचा श्वास लांबला होता, सूर उतरला होता, असं नमुन्यात नोंदलं होतं. परागने पुढची ओळ वाचली, आणि परत वाचली.

'तुला तरी म्हणता आलं,' ती म्हणाली होती.

खातं तिने चालू ठेवलं होतं. त्या दिवसाचं तिकीटही घेतलं होतं. नमुन्यात भाषेची चूक कुठेच नव्हती, तेव्हा परागने त्याखाली सही केली आणि तो पुढे पाठवला.